मध्यंतर रीळ बदलायला नव्हतं

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या जुन्या टॉकीजबद्दलचा एक मजकूर फिरतोय. रीगल चौक, मधुमिलन चौक, सपना-संगीता रोड ही नावं टॉकीजवरून पडली, इथपर्यंत तो बरोबर आहे. पुढे मशीनच्या (प्रोजेक्टरच्या) केबिनबद्दल जे चार दावे केलेत, ते एकेक करून पाहू.

'मशीन एकच असायचं, म्हणून रीळ बदलायला मध्यंतर ठेवलं.'

साधा हिशेब आहे. 35 मिमी फिल्म सेकंदाला 24 फ्रेम, म्हणजे मिनिटाला 90 फूट पळते. अडीच तासांच्या चित्रपटाला 13,500 फूट फिल्म लागते आणि 2000 फुटांचं स्पूल, म्हणजे फिल्म गुंडाळलेली चकती, 22 मिनिटांत संपतं. म्हणजे स्पूल सात आणि बदल सहा. मशीन एकच असतं तर मध्यंतरंही सहा झाली असती. तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये अगदी तसंच व्हायचं. रीळ संपलं की दिवे लागायचे आणि शिट्ट्या सुरू. हा समज बहुधा तिथूनच शहरात आला असावा. पक्क्या टॉकीजच्या केबिनमध्ये शेजारी-शेजारी दोन मशीनं असत. एकावर रीळ चालू असताना ऑपरेटर दुसऱ्यावर पुढचं लावायचा, दिव्यामागचा आरसा पुसायचा आणि जळून प्रकाश देणारी कार्बनची कांडी पूर्ण रीळभर पुरेल का ते बघायचा. नाही पुरली तर ऐन प्रसंगात पडदा काळा.

मग मध्यंतर आलं कुठून? नाटकाला ते होतंच, प्रेक्षकाला त्याची सवय होती आणि कॅन्टीनवाल्याला त्याची गरज. पुढे कार्बनच्या जागी झेनॉनचे दिवे आले, 6000 फुटांची मोठी स्पूल बसली. अशा स्पूलवर 66 मिनिटांचा चित्रपट मावतो, त्यामुळे मध्यंतरात स्पूल बदलणं सोयीचं झालं. म्हणजे मध्यंतर आधीचं, ही सोय नंतरची. एकच प्रिंट दोन टॉकीजना वाटून दिलेली असली आणि सायकलवरून येणारी पेटी उशिरा पोचली, तर मध्यंतर लांबायचं, हे मात्र खरं.

'वरच्या कोपऱ्यात चमकणारा गोल ठिपका म्हणजे फिल्म खराब.'

उलट तो मुद्दाम केलेला असतो. रीळ संपायला साधारण आठ सेकंद उरली की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात चार फ्रेमपुरता, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग, पहिला ठिपका दिसतो. तेव्हा दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सात सेकंदांनी दुसरा ठिपका दिसला की एका मशीनचा प्रकाश बंद, दुसऱ्याचा चालू, आणि आवाजाचा स्विचही सोबतच फिरवायचा. जरा चुकलं की पडदा पांढराफटक, नाहीतर लीडरवरचे, म्हणजे रिळाच्या सुरुवातीच्या चित्र नसलेल्या पट्टीवरचे, आकडे. रिळांची टोकं झिजून तुटली की ठिपकेही जायचे, मग ऑपरेटर खिळ्याने स्वतःची खूण ओरखडायचा. वेडेवाकडे ठिपके बहुतेक त्यातले.

'पडद्यावर जळताना दिसायचं, म्हणजे केबिनला आग लागायची.'

यात दोन वेगळ्या फिल्म मिसळल्या आहेत. 1950च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची नायट्रेट फिल्म खरोखर भयंकर होती. तिच्यातच ऑक्सिजन असल्याने ती पाण्याखालीही जळत राहते. त्यानंतरची सेफ्टी फिल्म वितळते, भडकत नाही. पडद्यावर तपकिरी डाग उमटून पसरताना दिसायचा तो हिचा. मशीनचा वेग घटला की आपोआप पडणारी एक झडप गेटसमोर, म्हणजे फ्रेमवर प्रकाश पडतो त्या खिडकीसमोर, असते. पण फिल्मच्या कडेची छिद्रं फाटली, तर ती ओढणारे दाते फिरत राहतात आणि फिल्म जागची हलत नाही. मशीन पूर्ण वेगात असल्याने झडप उघडीच राहते आणि गेटमधली फ्रेम करपते. मग ऑपरेटर हाताने प्रकाश अडवतो, जळका भाग कापतो, टोकावरचा चित्राचा थर खरवडून फिल्म सिमेंटने (फिल्म चिकटवायच्या द्रावाने) जॉइंट मारतो. थर न खरवडता लावलेला जॉइंट दोन खेळही टिकत नाही. प्रत्येक जॉइंटला काही फ्रेम जातात, म्हणून जुन्या प्रिंटमध्ये गाणी उड्या मारतात.

'आवाज ग्रामोफोनवरून यायचा, म्हणून ओठ जुळत नसत.'

तबकडीची पद्धत जगात थोडीच वर्षं चालली. 1931च्या 'आलम आरा'चा आवाजही फिल्मवरच नोंदवलेला होता. ओठ चुकायचे ते खालच्या लूपमुळे, म्हणजे गेटखाली सैल सोडलेल्या फिल्मच्या वळशामुळे. आवाज वाचणारा भाग गेटच्या खाली असतो, म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या 20 फ्रेम पुढे छापतात. लूप पाच फ्रेमने लहान-मोठी झाली की सेकंदाचा पाचवा भाग फरक पडतो, आणि तो संवादात लगेच खटकतो. लूप नीट घातली की दोष गेला.

याच मजकुराखाली काहींनी घरातल्या जुन्या फिल्मच्या तुकड्यांचे फोटो टाकलेत. ओळखायला काडी लावून पाहू नका. कडेला 'सेफ्टी' किंवा 'नायट्रेट' छापलंय का, ते भिंगातून बघा. सिरक्यासारखा वास म्हणजे सेफ्टी फिल्म कुजतेय. तपकिरी, चिकट झालेली असेल तर नायट्रेट समजा, आणि इंदूरच्या मे महिन्यात ती घट्ट झाकणाच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवू नका.