सावलीचा सातबारा

सातपुड्याच्या पायथ्याशी, आमच्या चोपडा तालुक्यात, जिथे पाणी आहे तिथे केळी आणि जिथे नाही तिथे कपाशी, असा जमिनीचा सरळ हिशोब आहे. या हिशोबात न बसणारी चार एकर माझ्या नावावर आहेत. आजोबांनी त्यांतल्या निंब, मोह, चिंच आणि अंजनाच्या झाडांना हात लावला नाही, वडिलांनी मधल्या मोकळ्या जागेत साग लावला, आणि मी काहीच केले नाही; परंतु केळीच्या पट्ट्यात विहिरीला पाणी असताना काहीच न करणे हे इतके धाडसाचे काम आहे की, गावातली वडीलधारी मंडळी माझ्या प्रकृतीची चौकशी थोडी आवाज खाली करूनच करतात. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तर लोक घरी येऊन “आता तरी लावा” असे सांगून गेले. जणू सरकारने ते मानांकन माझी अडचण पाहूनच दिले होते.

झाडे असलेल्या माणसाला भेटायला येणारे लोक झाडांकडे पाहत नाहीत, लाकडाकडे पाहतात. सागाच्या रांगेत शिरलेला प्रत्येक पाहुणा पहिल्यांदा बुंध्यावर बोटांनी टकटक करतो, मग दोन्ही हातांनी त्याला वेंघ घालून डोळे मिटतो, आणि डोळे उघडतो तेव्हा त्याच्या तोंडून घनफूट, भाव आणि मुलीच्या लग्नातला पलंग हे तीन विषय एकाच वाक्यात बाहेर पडतात. झाडे तोडण्याचे नियमन करणारा राज्याचा 1964 चा कायदा आहे, त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह, अंजन अशी झाडे आहेत, आणि ती स्वतःच्या शेतात असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हे मी आता पाठ म्हणून दाखवतो. त्यावर पाहुणा हळहळून म्हणतो, “म्हणजे तुमचा नाइलाज आहे तर!” मला झाडे तोडायचीच नाहीत, हे त्याला समजावणे हे कायदा समजावण्यापेक्षा अवघड असल्यामुळे मी नाइलाजाचा मान राखतो. अंजनाच्या वाट्याला मात्र कोणी जात नाही. त्याचे लाकूड इतके टणक आणि जड असते की, कुऱ्हाडीलाच धार लावायला परत जावे लागते, आणि त्याची जोडपानी पाने बकऱ्यांखेरीज कोणाच्या हिशोबात येत नाहीत.

वृक्षराजीत राहणाऱ्या माणसाचे जीवन शांत असते असा जो समज आहे, तो फेब्रुवारीत इथे न आलेल्या लोकांनी पसरवला असावा. संक्रांत झाली की साग पाने टाकू लागतो. सागाचे एक पान सुपाएवढे भरू शकते, ते वाळले की खरखरीत होते, आणि त्यावर पाऊल पडले की उडदाचे पापड मोडल्यासारखा आवाज होतो. त्यामुळे माझ्या रानात मुंगूस निघाले तरी कुत्र्याला बिबट्याचा भास होतो आणि तो रात्रभर मला तसे कळवत राहतो. ही पाने कवितेसाठी राहू द्यावीत अशी सूचना जळगावहून आलेल्या एका सुशिक्षित नातेवाइकाने केली होती. परंतु पाने राहू दिली तर मार्चपासून विडीचे एक थोटूक पुरेसे असते, म्हणून मला सर्व बाजूंनी जाळरेषा काढावी लागते, म्हणजे कडेचा रुंद पट्टा झाडून, खरवडून मातीपर्यंत मोकळा करावा लागतो. तो मोकळा झाला की दुपारी उष्ण वारा सुटतो आणि आतली पाने पुन्हा पट्ट्यावर आणून ठेवतो. वाऱ्याची ही शिस्त मला महसूल खात्यातही आढळलेली नाही. गोळा केलेली पाने खड्ड्यात घालून, वर शेणकाला आणि पाणी टाकून खत करावे हे खरे. पण सागाचे पान कुजायला इतका वेळ घेते की, मागचे पान कुजत असताना पुढचे पान आपला नंबर लावून वर येऊन बसलेले असते.

त्यातच मोह फुलतो. मोहाची फुले पहाटे टपटप गळतात आणि ती वेचायला पाड्यावरच्या बायका उजाडण्याआधी येतात. खाली पाचोळा असेल तर फुले दिसत नाहीत, म्हणून पुष्कळ ठिकाणी लोक मोहाखालचा पाचोळा पेटवून देतात आणि सातपुड्यातले बरेच वणवे तिथूनच सुरू होतात. हे टाळण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे मोहाखालची जमीन मालकाने स्वतः झाडून ठेवणे. मी ती झाडतो. यंदा एका मावशीने टोपली खाली ठेवून अंगणाची पाहणी करावी तशी ती जागा पाहिली आणि “भाऊ, त्या बाजूला राहिलं,” असे सांगितले. फुले त्यांची, झाड माझे आणि खराटाही माझा, अशी ही विभागणी आहे, आणि ती दोन्ही पक्षांना मान्य आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर बुंध्यांना बोर्डो पेस्ट लावायची असते. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी, असे तिचे प्रमाण. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि लोखंडी भांडे वापरायचे नाही. त्याने बुरशीला आळा बसतो. एका वर्षी मोरचूद मिळाले नाही म्हणून वाळवीसाठी मी वाटेच्या दोन्ही बाजूंच्या निंबांना गेरू आणि चुन्याचे पट्टे ओढले. सरकारी रस्त्याच्या झाडांना असतात तसेच ते हुबेहूब झाले. दुसऱ्या दिवशी दोन मोटारसायकलवाले “शिरपूर किती लांब आहे?” असे विचारत थेट माझ्या गोठ्यापर्यंत आले, आणि एका मालवाहू टेंपोच्या चालकाने तर रस्ता पुढे संपतो याबद्दल मलाच जबाबदार धरून खड्ड्यांविषयीची आपली सर्व साठलेली तक्रार माझ्याजवळ नोंदवली.

तरीही हे सर्व सोपे म्हणावे लागेल, कारण हिवाळ्यात भरीत पार्ट्या असतात. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायचे तर, भरताची हिरवट पांढरी मोठी वांगी कपाशीच्या नाही तर तुरीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजायची, सोलून लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर कुटायची, आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी किंवा पुरीबरोबर केळीच्या पानावर वाढून शेतात बसून खायची, याला आमच्याकडे पार्टी म्हणतात. पार्टीला शेत लागते. पण ज्यांच्याकडे शेत आहे त्यांच्याकडे केळी उभी असते, आणि केळीत पंगत बसत नाही. म्हणून माझा फोन वाजतो. “तुमच्याकडे झाडं आहेत ना, मग काही करू नका, आम्ही सगळं आणतो,” असे पलीकडून सांगितले जाते, आणि ते वांगी, तेल, पुऱ्या आणि नात्यात कोठे बसतात हे शोधून काढावे लागेल असे वीस लोक खरोखरच घेऊन येतात. काड्या आणायला ते विसरतात. मग “इतकं रान आहे, चार काटक्या मिळणार नाहीत का?” अशी थट्टा करत ते वाकायला लागतात, आणि मी माझा पाचोळा जाळरेषेच्या आत आहे की बाहेर, याचा मनातल्या मनात नकाशा उलगडतो.

चूल कोठे मांडायची यावर मी कधीच जिंकलेलो नाही. मोकळ्या जागेत मांडा असे मी म्हणतो; त्यांना ती आंब्याच्या मुळाशी हवी असते, कारण तिथे सावली आहे आणि मुळांवर बसता येते. जाळ पेटला की आंब्याच्या खालच्या फांद्यांची पाने आखडू लागतात आणि मी बादली घेऊन उभा राहतो. “या ना, बसा की!” असा आग्रह सर्व बाजूंनी होतो. बादली घेऊन बसता येत नाही. जेवताना एक काका सांगतात की, अशा झाडीत राहायला मिळणे हे नशीब आहे. त्यांचा नातू त्याच वेळी मागच्या पावसाळ्यात लावलेल्या जांभळाच्या रोपाला झोका बांधत असतो. भरीत मात्र उत्तम होते. ते मला बादलीवरून देतात.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यांबद्दल माझी तक्रार नाही. माहेरी आलेल्या लेकींचा निंबाच्या फांदीवरचा हक्क सातबाऱ्याहून जुना आहे. मी फक्त दोर साल कापू नये म्हणून खाली गोणपाटाची घडी देतो, आणि फांदी आधी स्वतः लोंबकळून तपासतो, ते पाहायला मुले वेळेवर जमतात.

उरला प्रश्न शेजाऱ्यांचा. माझ्या उत्तरेला आप्पांची कपाशी आहे, आणि “जिभाऊ, तुम्हना झाडनी सावली मन्हा कपाशीवर पडस,” हे त्यांचे वाक्य मी दर हिवाळ्यात ऐकतो. यात ते अगदी बरोबर आहेत. आपल्या या भागात डिसेंबरच्या अखेरीस सूर्य दक्षिणेला इतका कललेला असतो की, भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी लांब उत्तरेकडे पडते. चाळीस फुटांचा निंब म्हणजे आप्पांच्या वावरात चाळीस फूट अतिक्रमण. मी त्या बाजूच्या फांद्या छाटून देतो, छाटलेल्या फांद्या आप्पा सरपणाला नेतात, आणि उरलेल्या सावलीबद्दलचे बोलणे पुढच्या वर्षावर जाते.

मेच्या अखेरीस मात्र सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी झाडाची सावली झाडाच्याच खाली राहते, म्हणजे कायद्याने आणि भूगोलाने ती पूर्णपणे माझी असते. पारा 45 अंशांच्या आसपास असतो, साग खराट्यासारखा उघडा असतो, आणि सावली म्हणावी ती निंबाखालीच उरते. त्या दिवसांत मी नव्या रोपांजवळ पुरलेल्या मडक्यांत पाणी भरत फिरतो, कारण ती मडकी सावलीत नसतात. निंबाखाली आप्पांची खाट असते. ते ती सकाळीच बांधावरून उचलून आणतात, सोबत पाण्याची कळशी आणि कधी कधी एखादा पाहुणाही असतो. परवा मी खांद्यावर हंडा घेऊन तिथून जात असताना आप्पांनी कूस बदलली, माझ्याकडे मायेने पाहिले आणि म्हणाले, “जिभाऊ, तुम्ही बी कव्हय-मव्हय बसत जा ना आठे!”