घर विकणे आहे (माणसं वगळून)

मालकाचा फोन महिन्याच्या सुरुवातीला आला तर समजावं, भाडं जमा झालेलं नाही. पण विसाव्या-बाविसाव्या तारखेला आला आणि त्याने मुलांच्या अभ्यासाची चौकशी केली, तर समजावं की घर चाललं. आमच्या मालकांनी मुलाच्या अभ्यासापासून सुरुवात केली आणि थेट आईच्या गुडघ्यांपर्यंत आले. एवढ्या वर्षांत त्यांना आमच्या आईचे गुडघे कधी आठवले नव्हते. मग जरा खाकरून म्हणाले, "अहो, फ्लॅट काढायचं ठरवतोय. तुम्ही अगदी घरचे, म्हणून सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने विचारलं, "साहेब, कितीला काढला?" त्याला वॉचमनने सांगितलं होतं, वॉचमनला इस्टेट एजंटने. म्हणजे सगळ्यांत आधी आम्हाला कळलं, फक्त आमच्या आधी या तिघांना कळलं होतं.

मुलुंड पूर्वेतून ही बातमी गिरगावात मामाकडे पोचायला अर्धा दिवस लागला. मामा पागडीच्या खोलीत राहतो, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे मोजून जुन्या, नाममात्र भाड्यावर. त्याचा फोन आला तो हसतच. "विकू दे की! मालक बदलला म्हणून भाडेकरू बदलतो की काय? आमची चाळ माझ्या देखत कितींच्या हातांतून गेली. आपण फक्त पावतीवरचं नवीन नाव वाचायचं आणि भाडं द्यायचं. हलू नकोस जागचा."

मामाचं चूक नाही, म्हणजे मामापुरतं नाही. तो खराखुरा भाडेकरू. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याच्या कलम १६ मध्ये भाडेकरूला घराबाहेर काढायची कारणं दिली आहेत. परस्पर पोटभाडेकरू ठेवला, लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं, शेजाऱ्यांना उपद्रव दिला, मालकाला स्वतःला जागेची खरोखरच गरज आहे, वगैरे. 'मला विकायचंय' हे त्या यादीत नाही. नवा मालक चाळीबरोबर मामाही विकत घेतो. मालकाने चिडून पाणी किंवा वीज तोडली, तर त्याला कलम २९ आडवं येतं. आणि दावा लावलाच, तर धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात मामाने एक दावा मुलाच्या मुंजीपासून नातवाच्या मुंजीपर्यंत चालवून दाखवलाय. त्या काळात त्याची तब्येतही उत्तम होती.

मी मात्र लिव्ह अँड लायसन्सवाला, म्हणजे करारात लिहिलेल्या मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी (लायसन्स) मिळालेला. आजच्या मुंबईत नव्याने भाड्याने राहणारा जो तो हाच. व्यवहारात आम्ही स्वतःला भाडेकरू म्हणतो, मालकही म्हणतात, सोसायटीचे सेक्रेटरी तर 'तुम्ही भाडेकरू लोक' असं अनेकवचनात म्हणतात. कायदा तेवढा म्हणत नाही. बायकोच्या ऑफिसातल्या एका बाईंचे यजमान वकील आहेत. त्यांनी ठाणे स्लो लोकलमध्ये, दरवाज्यात लटकत, एक पैसा न घेता मला हे समजावून सांगितलं. (फुकटचा सल्ला असल्यामुळे अर्धा विक्रोळीच्या गर्दीत गेला. तो परतीच्या गाडीत पुन्हा ऐकला.)

म्हणाले, मामाला वाचवतो तो ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट आणि त्याच्या जोडीला भाडे कायदा. तुम्हाला लागतो तो ईझमेंट ॲक्ट, दुसऱ्याची जागा वापरायच्या हक्कांचा. दोन्ही १८८२ सालचे. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडं. त्यातलं थोरलं मामाच्या वाट्याला आलं. माझ्या वाट्याला आलेल्या भावंडाच्या कलम ५९ मध्ये लिहिलंय की, लायसन्स देणाऱ्याने जागा विकली, तर घेणारा त्या लायसन्सला बांधील नाही. म्हणजे नवीन मालकाला माझ्याशी काही देणंघेणं नाही.

"मग मला काहीच हक्क नाही?" मी विचारलं.

"आहेत ना. जाताना सामान न्यायला रास्त वेळ मिळण्याचा हक्क आहे, कलम ६३. आणि तुमची काही चूक नसताना मालकाने मुदतीआधीच बाहेर काढलं, तर त्याच्याकडून भरपाई मागायचा, कलम ६४. बाकी सगळं तुमच्या करारात. करार काढा आणि नोटिशीचं कलम वाचा."

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "बसून राहा, कोण काढतो बघू." पण लायसन्सची मुदत संपल्यावर बसून राहणाऱ्याची सोय भाडे कायद्याच्या कलम २४ मध्ये करून ठेवलेली आहे. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो आणि बसणाऱ्याला तितक्या दिवसांची दुप्पट लायसन्स फी मोजावी लागते. मुलुंडची दुप्पट फी भरून राहायचं, तर त्यापेक्षा समुद्रकिनारी राहिलेलं बरं.

करार कपाटात होता. रजिस्टर्ड. अकरा महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही, असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतो. महाराष्ट्रात तो मुदत कितीही असली तरी करावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. केला नाही, तर मालकाला पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींवरून भांडण झालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत घरात राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. आमच्या वेळी एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच आला होता. बायकोचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला, माझा लागेचना. एजंट म्हणाला, "भांडी घासणाऱ्यांचा लागत नाही लवकर." त्यावर बायको जी हसली, ती अजून अधूनमधून हसते.

करारात लिहिलं होतं की लॉक-इन, म्हणजे करार मोडता येत नाही तो सुरुवातीचा काळ, संपल्यावर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची लेखी नोटीस. लॉक-इन केव्हाच संपलं होतं. म्हणजे आमच्या हातात होता एक महिना, तोही कागदावर नोटीस आल्यापासून. गुडघ्यांच्या चौकशीपासून नव्हे.

मग पार्ट्या सुरू झाल्या. घर बघायला येणाऱ्याला एजंटच्या भाषेत पार्टी म्हणतात, मग तो एकटा येवो की सासर-माहेर मिळून येवो. "सर, पार्टी घेऊन येतो, पाच मिन्टं," असं एजंट जिन्यातूनच सांगायचा. जागा पाहायचा अधिकार मालकाला आहे, पण आधी कळवून आणि रास्त वेळी, हे भाडे कायद्याच्या कलम २८ मध्ये आहे. एजंटच्या हिशेबाने रविवारी सकाळी सव्वासातची वेळ रास्त होती, कारण पार्टीला पुढे ठाण्याला आणखी दोन फ्लॅट बघायचे होते.

पार्टी आली की प्रथम फ्लश ओढते. नंतर सगळे नळ सोडते. मग एक जण भिंतीवर बोटाने टकटक करतो आणि दुसऱ्याकडे बघून मान हलवतो. त्यांना नेमकं काय ऐकू येतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. एका काकूंनी आमचं कपाट उघडलं. 'कपाट घराबरोबर आहे का' असं विचारत उघडलं आणि आतला आमचा पसारा पाहून स्वतःच मिटलं. मी बनियनवर पोहे खात होतो. "भाडोत्री आहेत," असं एजंटने माझ्याकडे हात करून सांगितलं, त्याच सुरात ज्यात त्याने आधी "लॉफ्ट आहे" असं सांगितलं होतं.

आईचं वेगळंच. दारात आलेल्याला चहाशिवाय पाठवायचं नाही हा तिचा शिरस्ता. चहा देता देता ती पार्टीला म्हणायची, "घ्या हो, जागा लक्ष्मीची आहे, पाणी सकाळ-संध्याकाळ येतं, बाजार खालीच." बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघायची. आपण विकतोय का?

एका पार्टीने वास्तुतज्ज्ञ आणला. मोबाइलवर होकायंत्र धरून तो सगळ्या खोल्यांतून फिरला आणि माझ्यासमोर येऊन थांबला. म्हणाला, "इथे राहणाऱ्याची प्रगती होत नाही." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहून, "बघा." पार्टीने तेवढ्यावर दोन लाख कमी करून मागितले. माझ्या खुंटलेल्या प्रगतीला बाजारात भाव आहे, हे मला तेव्हा कळलं. त्यातला एक रुपयाही मला मिळाला नाही.

बेडरूमच्या भिंतीला ओल होती. बाथरूममागची भिंत, दर पावसाळ्यात पोपडे धरणारी. मालकांना आम्ही फोटो पाठवत असू, ते अंगठा दाखवत असत. आईने त्या जागेवर कालनिर्णय टांगलं होतं, म्हणजे तेवढं तरी दिसू नये. तर एक पार्टी, अगदी पसंतीवर आलेली, टोकन द्यायला चांगला दिवस बघावा म्हणून पान उलटायला गेली. खिळ्यासकट कॅलेंडर हातात आलं. मागे ओल, तिच्यावर हिरवट काठ. एजंट डोळ्याची पापणी न हलवता म्हणाला, "टेक्स्चर आहे सर."

त्या संध्याकाळी बायकोने मालकांना मेसेज केला. पार्ट्या फक्त रविवारी, अकरा ते एक, आदल्या दिवशी कळवून. कपाटं उघडायची नाहीत. आम्ही घराबद्दल काही सांगणार नाही, चांगलंही नाही आणि वाईटही. शेवटचं वाक्य आईसाठी होतं.

घर अखेर गेलं. घेणाऱ्याला रिकामा ताबा हवा होता, मालकांना घेणाऱ्याचे पैसे हवे होते आणि दोघांना मिळून आम्ही पंधरा दिवसांत बाहेर हवे होतो. मालकांनी पुन्हा 'घरचे संबंध' काढले. बायको म्हणाली, "लेखी नोटीस द्या, महिन्याने निघतो. त्याआधी हवं असेल तर टेम्पोचं भाडं आणि नव्या जागेचं ब्रोकरेज तुमच्याकडे." वकीलसाहेबांनी तिला सांगितलं होतं, मागायचं ते आत्ताच मागा, किल्ली तुमच्या हातात आहे तोवरच मालक ऐकतो. हा सल्ला कुठल्याही ॲक्टमध्ये नाही, पण मी त्याला सगळ्या कलमांच्या वर ठेवतो. मालकांनी टेम्पो कबूल केला. ब्रोकरेजचं नाव काढताच त्यांची रेंज गेली.

डिपॉझिटचा घोळ उरला. मालक म्हणे, पार्टीचे पैसे आले की देतो. पार्टी म्हणे, ताबा मिळाला की पैसे देतो. आणि पार्टीने आम्हाला आधीच बजावलं होतं की तुमचं डिपॉझिट तुमचं तुम्ही बघा, आमचा संबंध नाही. तेही खरंच. डिपॉझिट ज्याला दिलं त्याच्याकडूनच घ्यायचं असतं. शेवटी रिकाम्या हॉलमध्ये सगळे उभे राहिले. बायकोच्या डाव्या मुठीत किल्ल्या, उजव्या हातात मोबाइल. मालक त्यांच्या फोनवर बँकेचा ओटीपी चष्मा वर-खाली करत वाचत होते. मध्येच थांबून म्हणाले, "यातून रंगाचे कापून घेतो. बेडरूमची भिंत पार गेलीय."

"ते टेक्स्चर आहे," बायको म्हणाली.

घेणारे गृहस्थ भिंतीकडे वळले. मालकांनी घाईघाईने पुढचे आकडे दाबले. बायकोचा फोन वाजला, तिने रक्कम दोनदा वाचली आणि मग मूठ उघडली.

नवी जागा भांडुपला मिळाली. मालकीणबाई सत्तरीच्या, एकट्या. एजंटने करार फडाफडा वाचायला घेतला, तर बायकोने त्याला थांबवून एक कलम घालायला लावलं. मुदतीत जागा विकायची ठरली तर दोन महिन्यांची लेखी नोटीस, पार्ट्या रविवारीच, डिपॉझिट आणि किल्ली एकाच वेळी, टेम्पोचा खर्च मालकाकडे. एजंट हसला. "मॅडम, असं कोणी लिहीत नाही."

मालकीणबाईंनी चष्मा लावून ते कलम सावकाश वाचलं. "लिही रे," त्या एजंटला म्हणाल्या, आणि आमच्याकडे वळून, "मी नाही हो विकायची. पण मुलगा बेंगळुरूला असतो, जागेवर त्याचंही नाव आहे. त्याची सही घेतल्याशिवाय अंगठा लावू नका."