काखेत हात घालून उचलू नका

"घरीही असंच उचलायचं. दोघं जण लागतात, बस." हे वाक्य आज दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नाही.

एका परिचितांना अर्धांगवायूच्या उपचारांनंतर रुग्णालयातून घरी सोडणार होते आणि त्यांच्या घरच्यांना सोबत म्हणून मी तेथे गेले होते. काकांची डावी बाजू लुळी पडली आहे; बोलणे आणि समजणे मात्र शाबूत आहे. व्हीलचेअर आणून ठेवली ती पलंगासमोर दोन पावलांवर. तिच्या एका चाकाचा ब्रेक लावलेला नव्हता आणि दोन्ही फूटरेस्ट खाली होते. दोन धट्टेकट्टे कर्मचारी आले. एकाने मागून काकांच्या काखांत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली, आणि काकांना काहीही न विचारता, न सांगता, त्यांना उचलून खुर्चीत बसवले. त्या झटापटीत लुळा हात मागे लोंबकळत राहिला, टाच फूटरेस्टच्या कडेवर घासली, काका कळवळले आणि त्यांना "झालं, झालं, काका" असे सांगण्यात आले. त्यानंतर त्यांच्या मुलाकडे वळून वरचे वाक्य उच्चारले गेले.

त्याच मुलाला थोड्या वेळापूर्वी गोळ्यांचा तक्ता नीट समजावून दिला होता. कोणती गोळी जेवणाआधी, कोणती नंतर, हे कागदावर खुणा करून सांगितले होते. ते योग्यच झाले. पण पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून शौचालयात आणि पुन्हा पलंगावर, असे दिवसातून अनेकदा जे काम त्याला उद्यापासून करायचे आहे, ते शिकवण्यासाठी कुणालाही सवड झाली नाही, आणि जे नकळत शिकवले गेले ते सर्वस्वी चुकीचे होते. आजारी माणसाला सांगितल्यावाचून हात लावू नये, हे तुम्हा मंडळींना मी पटवून द्यायची गरज नाही. मग रुग्णालयाच्या खोलीत शिरताच ही साधी गोष्ट आपण सगळे इतक्या सहज का विसरतो?

माझ्या आईला पक्षाघात झाला तेव्हा तिचीही डावीच बाजू गेली होती. तिला घरी न्यायच्या आधी तेथील फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला आणि माझ्या भावाला बोलावून घेतले, आणि आईला हात लावू देण्यापूर्वी मलाच पलंगावर झोपायला सांगितले. डावा हात आणि डावा पाय पूर्ण सैल सोडायचा, कसलीही मदत करायची नाही, अशी मला ताकीद दिली आणि भावाला त्या म्हणाल्या, "आता यांना तुम्हाला सुचेल तसे उचला." त्याने काखेत हात घालून मला वर ओढले. खांदे कानांपर्यंत गेले, छाती आवळली, पाय कुठे टेकत आहेत ते कळेना. दुखण्यापेक्षाही भीती वाटली ती याची, की आपल्याला केव्हा आणि कुठे खाली ठेवणार आहेत याचा अंदाजच येत नव्हता. माझे दोन्ही खांदे धडधाकट होते.

लुळ्या खांद्याचे काय होते ते बाईंनी त्यानंतर सांगितले. खांद्याचा सांधा मुळात उथळ. दंडाच्या हाडाचा गोल माथा त्या उथळ खोबणीत टिकून राहतो तो बराचसा भोवतालच्या स्नायूंच्या जोरावर. पक्षाघातानंतर हे स्नायू सैल पडले की हाताच्या नुसत्या वजनानेसुद्धा तो माथा खाली सरकू लागतो. अशा हाताला धरून ओढले, किंवा काखेत हात घालून साऱ्या शरीराचा भार त्या सांध्यावर तोलला, तर सांधा आणखी निसटतो, आजूबाजूच्या स्नायूंना इजा होते, काखेतून जाणाऱ्या मज्जातंतूंवर ताण येतो. पुढे खांदा महिनोन्महिने ठणकत राहतो, ठणकतो म्हणून माणूस व्यायामाला नको म्हणतो, आणि जो हात थोडाफार परत येऊ शकला असता तोही मागे पडतो. काही सेकंद वाचवण्यासाठी हे सगळे! लिहितानाही माझा संताप होतो आहे.

कर्मचाऱ्यांवर कामाचा बोजा असतो आणि त्यांनाही कुणी शिकवलेले नसते, हे मान्य. पण असे उचलण्यात त्यांचे तरी काय भले आहे? अमेरिकेतील नायॉश ही संस्था काम करणाऱ्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करते. तेथील संशोधक थॉमस वॉटर्स यांनी 2007 मध्ये रुग्णाला हातांनी उचलण्यासाठी सुचवलेली कमाल मर्यादा, तीही सगळी परिस्थिती अनुकूल असताना, 35 पौंड म्हणजे सुमारे 16 किलोची आहे. माणसाचा एक पायच त्याच्या एकूण वजनाच्या साधारण सहाव्या भागाइतका असतो, तेव्हा दोन पाय उचलतानाच ही मर्यादा ओलांडली जाते. म्हणजे "दोघं जण लागतात" हा हिशेबही खोटा आहे. दोघांनी मिळून उचलले तरी दोघांच्याही कमरा कामातून जातात, आणि घरी सांभाळणाऱ्याची कंबर गेली की त्या घरात दोन रुग्ण होतात.

मी अंगाने किडकिडीत आहे आणि आई तेव्हा माझ्यापेक्षा बरीच वजनदार होती, तरीही तिला खुर्चीत बसवणे मला एकटीला जमू लागले. त्याचे कारण इतकेच, की त्या सकाळी बाईंनी आम्हाला आईला उचलायला शिकवलेच नाही. आई स्वतः उठेल अशी व्यवस्था कशी करायची, हे शिकवले.

आधी त्यांनी खोली लावून घेतली. खुर्ची आईच्या चांगल्या, म्हणजे उजव्या बाजूला, पलंगाला अगदी लागून आणि साधारण 30 ते 45 अंशांच्या कोनात ठेवली, म्हणजे आईला अर्धेमुर्धे वळूनच बसता आले असते. दोन्ही ब्रेक लावले आणि खुर्ची हलवून पाहून खात्री केली. पुढची लहान चाके समोरच्या दिशेला वळवली, कारण त्याने खुर्ची पुढे कलंडण्याची शक्यता कमी होते. दोन्ही फूटरेस्ट काढून बाजूला ठेवले. काठावर बसल्यावर आईची पावले जमिनीवर सपाट टेकतील इतका पलंग खाली घेतला. पायांत न घसरणाऱ्या तळव्याची पादत्राणे घातली. नुसते मोजे घालून उभे करायचे नाही, असे त्यांनी बजावले. लघवीची पिशवी नळीला ताण बसणार नाही अशा बेताने आधीच खुर्चीकडे नेली, तीसुद्धा मूत्राशयाच्या पातळीच्या खाली ठेवून, कारण पिशवी वर धरली तर लघवी उलटी फिरून जंतुसंसर्ग होऊ शकतो. या सगळ्याला मोजकी मिनिटे लागली. आज काकांच्या वेळी यातले काय झाले? काहीही नाही.

मग आईला उजव्या कुशीवर वळवले, गुडघे वाकवून पाय काठावरून खाली सोडले, आणि त्याच लयीत तिला उजव्या कोपराने रेटा देत वर यायला सांगितले. ती बसली आणि म्हणाली, "गरगरतंय." बाईंनी तिला तत्काळ पुन्हा आडवे केले आणि आम्ही थांबलो. बरेच दिवस अंथरुणावर असलेल्या माणसाचा रक्तदाब एकदम बसल्याने किंवा उभे राहिल्याने घसरतो. उभे राहिल्यापासून 3 मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टर त्याला आजारच मानतात आणि तो डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवा. दुसऱ्या खेपेला आई काठावर बसून पावले वर-खाली हलवत राहिली, चेहऱ्यावर रंग आला, तेव्हा कुठे बाईंनी पट्टा हातात घेतला.

हा पट्टा, म्हणजे ट्रान्सफर बेल्ट, प्रत्येक घरात असावा असे माझे ठाम मत आहे. तो कपड्यांवरून कमरेला बांधतात, आत दोन बोटे जातील इतका घट्ट, आणि धरायचे असते ते त्याला. हाताला नाही, काखेला नाही, पायजम्याच्या नाडीला तर मुळीच नाही. पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली असेल तर तो बांधण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे लागते.

आईला ढुंगण थोडे थोडे पुढे सरकवत काठाशी यायला सांगितले. पावले किंचित मागे, गुडघ्यांच्या खाली घेतली. बाई समोर उभ्या राहिल्या, पाय फाकवून, गुडघ्यांत वाकून, पाठ सरळ ठेवून, आणि त्यांनी स्वतःच्या दोन गुडघ्यांमध्ये आईचा डावा गुडघा अडवून धरला, म्हणजे तो मध्येच दुमडला नसता. लुळा हात स्वतःच्या कमरेशी अलगद आधार देऊन ठेवला. आई सवयीने उजवा हात त्यांच्या गळ्यात टाकायला गेली, तेव्हा त्यांनी तो प्रेमाने काढून गादीवर टेकवला: "काकू, माझ्या मानेला नको, गादीला रेटा द्या. आणि नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे वाका."

सगळी मेख या पुढे वाकण्यात आहे. पडायची भीती वाटते म्हणून माणूस अंग मागे टाकतो, आणि मग त्याचे सगळे वजन समोरच्यावर येते. तो पुढे वाकला की वजन पावलांवर जाते आणि ढुंगण आपोआप गादीवरून सुटू लागते. बाई "एक, दोन" म्हणू लागल्या तशी आईने त्यांना थांबवले आणि जड जिभेने, पण स्पष्टपणे म्हणाली, "मी म्हणते." तिने स्वतः तीनपर्यंत मोजले. तीनला तिच्या उजव्या मांडीचे स्नायू थरथरताना मला दिसले, गादी आणि ती यांच्यात चार बोटांची फट पडली, ती वाढली, आणि माझी आई उभी होती. बाईंनी तिला उचलले नव्हते. त्या फक्त तोल सांभाळत होत्या. मग दोघींनी लहान लहान पावले टाकत वळण घेतले. बाईंनी कंबर पिळली नाही, पावलेच वळवली. खुर्चीची कड दोन्ही गुडघ्यांच्या मागे लागल्यावर आईचा उजवा हात आर्मरेस्ट शोधू लागला, तो सापडल्यावरच बाई म्हणाल्या, "आता पुन्हा पुढे वाका आणि सावकाश बसा." आई बसली, आदळली नाही. त्यानंतर घरी मोजायचे काम तिचेच राहिले आणि ते आम्ही कधीही तिच्याकडून घेतले नाही.

हे लिहिता लिहिता माझा राग थोडा निवळला आहे, म्हणून समतोल राखून हेही सांगते, की प्रत्येकाला असे उठता येत नाही. ज्यांच्या दोन्ही पायांत बळ नाही पण बसल्यावर तोल राहतो, त्यांच्यासाठी खुर्चीचा पलंगाकडचा आर्मरेस्ट काढून पलंग आणि खुर्ची यांच्यामध्ये ट्रान्सफर बोर्ड ही गुळगुळीत फळी ठेवतात, आणि माणूस हातांच्या रेट्याने थोडा थोडा सरकतो. ज्यांना तेही शक्य नाही, त्यांना झोळीसारखी स्लिंग असलेल्या होइस्टनेच, म्हणजे माणूस उचलायच्या यंत्रानेच, हलवावे. होइस्ट महाग पडते, जागाही व्यापते, हे नाकारत नाही. पण त्याऐवजी चादरीवरून माणसाला फरफटत ओढले तर माकडहाडाजवळची त्वचा वरून सोलली जाते आणि आतून रगडली जाते, आणि बेडसोरची, म्हणजे अंथरुणाला खिळून होणाऱ्या जखमेची, सुरुवात पुष्कळदा अशीच होते.

आणि उठवताना मध्येच पाय गेले तर? त्या सकाळी बाईंनी हेही माझ्यावर करून दाखवले. पडणाऱ्या माणसाला हवेत तोलून धरायचा हट्ट करायचा नाही. त्याला स्वतःजवळ घ्यायचे, एक पाय पुढे करायचा आणि त्या मांडीवरून त्याला हळूहळू जमिनीपर्यंत सरकवत न्यायचे, डोके जपायचे, मग मदतीला बोलवायचे. लगेच ओढून उभे करायचे नाही. कुठे दुखते आहे ते आधी विचारायचे.

बसवल्यावरही काम संपत नाही. ढुंगण खुर्चीच्या पाठीला पूर्ण टेकले पाहिजे, फूटरेस्ट परत लावून पावले त्यांवर ठेवली पाहिजेत, लुळ्या हाताखाली उशी पाहिजे, आणि बसल्या जागी दर 15 ते 30 मिनिटांनी एका बाजूचे वजन उचलून दुसऱ्या बाजूला देता आले पाहिजे. आज काका खुर्चीत पुढे घसरलेल्या अवस्थेत दारापर्यंत नेले गेले. मी मध्येच थांबवून त्यांना नीट बसवायला लावले, तेव्हा "ताई, घाई आहे," असे उत्तर मिळाले. घाई कुणाला होती?

तुमच्यापैकी कुणाच्या घरचे माणूस अशा अवस्थेत घरी येणार असेल, तर घरी सोडण्याच्या कागदांवर सही करण्याआधी फिजिओथेरपिस्टना बोलावून घ्या आणि त्यांच्यासमोर स्वतःच्या हातांनी एकदा तरी हे सगळे करून पाहा. जाताना चार उत्तरे जवळ ठेवा: कोणती बाजू कमकुवत आहे, काठावर आधाराशिवाय बसता येते का, निदान एका पायावर भार पेलतो का, आणि सांगितलेले समजून त्याप्रमाणे करता येते का. उभे करायचे, फळीवरून सरकवायचे की होइस्ट लावायचे, हे या उत्तरांवरूनच ठरते. ती उत्तरे शक्य असेल तेव्हा त्या माणसालाच विचारून घ्या. पलंगाच्या या टोकाला उभे राहून आपापसात ठरवू नका.