कान पिळणाऱ्याला बोटीतून कोणी आणलं?

इथल्या मराठी मंडळींच्या गटात लाल खारींवरचा एक मजकूर पुन्हा फिरू लागलाय. थोडक्यात म्हणणं असं: ब्रिटनमध्ये करड्या खारी लाल खारींना मारून टाकतात, हा निसर्गाचाच नियम आहे, बळी तो कान पिळी. करड्यांना सापळ्यात धरून मारणं वाईट, आणि कितीही पकडा, त्या परत येणारच. आणि युरोपात लाल खारी ढिगानं आहेत, मग हा आटापिटा कशाला? मी इंग्लंडच्या उत्तरेला राहते, सुट्टीच्या दिवशी जंगलातल्या दाण्याच्या पेट्या तपासायला जाते. म्हणून हे उत्तर.

पहिली गोष्ट, करडी खार लाल खारीच्या नरडीला जात नाही. ती तिच्या तोंडचा घास पळवते. लाल खार जेमतेम तीनशे ग्रॅमची, करडी पाचशे-सहाशेची. ओकची कच्ची फळं करडीला पचतात, लाल खारीला नीट पचत नाहीत. त्यामुळे ओकच्या रानात हिवाळ्याआधीच ताट रिकामं होतं आणि लाल खारीची वीण घटते. त्यात खारींना होणाऱ्या देवी रोगाचा विषाणू. करडी तो घेऊन हिंडते, तिला सहसा काही होत नाही. लाल खारीच्या डोळ्यांभोवती, तोंडावर, पंजांवर फोड येतात आणि बहुतेक वेळा दोनेक आठवड्यांत ती मरते. लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बीत २००८ मध्ये साथ आली आणि दहातल्या आठाहून जास्त खारी गेल्या. उरलेल्यांतून ती वस्ती पुन्हा सावरली, हे मात्र त्या मजकुरात नाही.

आता निसर्गाचा नियम. करडी खार मूळची उत्तर अमेरिकेतली. १८७६ मध्ये चेशरमधल्या एका बड्या इस्टेटीत ती सोडली गेली, पुढे वोबर्नला राहणाऱ्या बेडफर्डच्या ड्यूकनं हौसेनं ठिकठिकाणी भेट म्हणून पाठवली. बळी तो कान पिळी म्हणायचं तर कान पिळणाऱ्याला बोटीतून कोणी आणलं तेही सांगा. (लाल खारींवर तरी इथल्या माणसाचं प्रेम कुठे होतं? १९०३ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात त्यांना मारण्यासाठी खास क्लब निघाला, दर शेपटीमागे पैसे देणारा.)

आणि खरोखरच निसर्गावर सोपवायचं असेल तर पाइन मार्टेन बघा. मांजराएवढा, झाडांवर चढणारा शिकारी. माणसानं तो जवळजवळ संपवला होता. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये तो जिथे परतला तिथे करड्या घटल्या आणि लाल खारी वाढल्या. लाल खारीचा त्याच्याशी हजारो वर्षांचा शेजार, त्याचा वास आला की ती सावध होते. करडीला त्याचं काहीच वाटत नाही.

‘परत येणारच’ यात थोडं तथ्य आहे. मुख्य भूमीवर सापळे थांबले की करड्या आजूबाजूच्या रानातून पुन्हा भरतात. पण वेल्सच्या अँगलसी बेटावर १९९८ च्या सुमारास लाल खारी उरल्या होत्या चाळीसेक. तिथे करड्या पकडायला सुरुवात झाली, २०१३ पर्यंत बेट करड्यांपासून मोकळं झालं, आणि आज लाल खारी काहीशेंच्या घरात आहेत. मधे मेनाईची सामुद्रधुनी असल्यानं हे जमलं, पण तिच्यावर पूल आहेत, म्हणून पाळत कायम.

ही पाळत दिसते तितकी सोपी नाही. आपल्याकडे भीमाशंकरला शेकरूची घरटी मोजतात. इथे घरटं बघून ते लालचं की करडीचं हे सांगता येत नाही. रंगही फसवतो: करडीच्या अंगावर तांबूस झाक असते, हिवाळ्यात लाल खार करडट होते. मग थंडीत लालच्या कानावरचे झुबके बघायचे, करडीच्या शेपटीची पांढरी किनार बघायची. पेटीच्या तोंडाशी चिकटपट्टी लावली की केस अडकतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. जोडीला कॅमेरे. ओल्या रानात पट्ट्या बदलत फिरण्यात काहीही रम्य नाही, पण पहिली करडी आली हे महिनाभर आधी कळलं तर पुढचं निभावतं.

राहिलं युरोप. इटलीत १९४८ मध्ये तुरीनजवळ करड्या सोडल्या गेल्या. १९९७ मध्ये त्या हटवण्याचा प्रयोग सुरू झाला, प्राणिहक्कवाले कोर्टात गेले. अधिकारी निर्दोष सुटले, पण तोवर तीन वर्षं गेली आणि करड्या हाताबाहेर पसरल्या. देवीची साथ नसतानाही तिथल्या लाल खारी मागे हटताहेत.

सापळ्यातली खार मारावी लागते, याचं मला कधीच बरं वाटलेलं नाही. त्या मजकुरातलं तेवढं एक वाक्य मी खोडणार नाही.

गटातले जे उत्तरेत राहतात आणि बागेत दाणे ठेवतात त्यांनी पेटी वरचेवर धुवावी. फोड आलेली लाल खार दिसली तर दाणे लगेच बंद करून जवळच्या खार-संवर्धन गटाला कळवावं. फोटो आधी आमच्या गटावर टाकत बसू नये.