ऑइल सील ऑइलात टिकतं, मग स्प्रिंकलरचं रबर का सुजतं?

भाऊ, नमस्कार. स्प्रिंकलरच्या पाइपांच्या जोडातल्या रबरांना तेल लावू नका, सिलिकॉन ग्रीस लावा, असं मी लेखात लिहिलं, त्यावर तुम्ही तीन हरकती घेतल्या. जळकं ऑइल (इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल) लावलं की पाइप झटक्यात बसतो आणि सारं गाव तेच करतं. ट्रॅक्टरचं ऑइल सील (ऑइल बाहेर गळू न देणारी रबरी कडी) जन्मभर ऑइलातच असतं, मग पाइपाच्या रबरालाच काय होतं? आणि सिलिकॉन ग्रीसच्या पैशात नवी रबरं येतात.

शेवटची हरकत मान्य. सगळ्या जोडांना सिलिकॉन ग्रीस सांगितलं, ते माझं चुकलंच. बादलीभर पाण्यात अंगाच्या साबणाची अर्धी वडी विरघळवा, पाइपाचा नर (दुसऱ्या पाइपात शिरणारं टोक) त्यात बुडवा आणि बसवा. तितकाच सहज सरकतो आणि ओलीत सुरू झालं की साबण धुऊन जातो. ग्रीस फक्त फिल्टरच्या झाकणाच्या ओ-रिंगला ठेवा, कारण ते झाकण रोज उघडतं. काडीच्या गुलाइतकं घ्यायचं आणि रिंग नुसती चमकेल इतपत बोटाने पसरायचं.

ऑइल सीलचा प्रश्न मात्र नीट उलगडायला हवा, कारण सगळा घोळ ‘रबर’ या एका शब्दात आहे. ऑइल सील बहुधा नायट्राइल रबराचं असतं. त्याची घडणच अशी की खनिज तेल त्यात फारसं मुरत नाही. पाइपाची रबरं बहुतेक नैसर्गिक रबर, किंवा एसबीआर, ईपीडीएम या कृत्रिम रबरांची. ही तिन्ही तेलाच्याच जातकुळीतली, म्हणून तेल पिऊन फुगतात. उलट उन्हात ईपीडीएम टिकतं आणि नायट्राइल लवकर तडकतं. ज्याचं काम त्यालाच जमतं. खोबरेल किंवा सरकीचं तेलही लावू नका, नैसर्गिक रबर त्यानेही सुजतं.

सुजल्यावर काय होतं? रबर लांबीने वाढतं, खाचेत मावत नाही, एका जागी फुगवटा येतो आणि पाइप दाबला की नराची कड नेमकी तिथेच कापते. शिवाय तेलाला वावरातली रेती चिकटते, ती प्रत्येक जोडणीला रबर घासते. रबर आडवं कापून पाहा, दोन ओठ दिसतील. पाणी ओठांच्या मधे शिरून त्यांना पसरवतं, तेव्हा जोड बंद होतो. म्हणूनच मोटार सुरू होताना थोडं गळतं आणि दाब चढला की थांबतं. ओठांचं तोंड पाण्याच्या बाजूलाच हवं. उलटं बसवलेलं रबर दाब वाढेल तसं जास्त गळतं, आणि लोक क्लिपला दोष देतात.

माझ्या शब्दावर जाऊ नका. एका जुन्या रबराचे दोन सारखे तुकडे करा, एक जळक्या ऑइलात आणि एक पाण्यात 8 दिवस ठेवा. सोबत जुन्या ऑइल सीलच्या ओठाचा तुकडाही ऑइलात टाका. मग तिन्ही शेजारी ठेवून मोजा.

रबर स्वस्त आहे हे खरं, पण जातं ते पाणी. अडीच किलोच्या दाबाला एक नोझल मिनिटाला 30 लिटरच्या आसपास फेकतो. दहा जोड मिनिटाला तीन-तीन लिटर गळले की एक नोझल गेलाच. दाब उतरतो, शेवटच्या नोझलचा घेर आखडतो, आणि 12 मीटरच्या अंतरात हरभऱ्याचा पट्टा कोरडा राहतो. रात्रपाळीच्या विजेवर ओलीत करताना हे दिसतही नाही. जोडाखाली एक मिनिट टोपलं धरून मोजा.

गहू निघाला की रबरं काढा, साबणाने धुवा, सावलीत वाळवा, शंखजिऱ्याची पावडर चोळा, घट्ट बांधलेल्या पिशवीत आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. खिळ्याला टांगू नका. ताणलेल्या रबराला हवेतला ओझोन आडव्या चिरा पाडतो. मोटारीच्या ठिणग्यांजवळ ओझोन जास्त, म्हणून मोटारघरात ठेवू नका. टिनाच्या शेडमध्येही नको, नवतप्यात तिथली उष्णता रबर कडक करते.

ट्रॅक्टरच्या सीटचं रेक्झिन थिनरने चकचकीत होतं, हेही तुम्ही लिहिलंय. रेक्झिन म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहतं त्यात मिसळलेल्या तेलकट द्रव्यामुळे, आणि थिनर तेच ओढून काढतो. मग रेक्झिन ताठरतं आणि शिलाईपाशी फाटतं. साबणपाणी, मऊ फडकं, आणि उन्हात वर पोतं, बस.

फवारणी पंपाबद्दल तुम्ही काही विचारलं नाही, तरी सांगतो, कारण तिथे रबर गळलं तर औषध सरळ पाठीवर येतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 च्या वर माणसं गेली. पंप न गळल्याने सगळा धोका टळत नाही, पण पाठ कोरडी राहणं आपल्या हातात आहे. डब्यावर ‘ईसी’ लिहिलेल्या औषधात बहुधा द्रावक (औषध विरघळवून ठेवणारं रसायन) असतो, त्यापुढे नायट्राइलही पुरतं टिकत नाही. फवारणी झाली की साबणपाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोनदा, तेही लान्समधून (फवाऱ्याच्या दांडीतून) फवारून, धुवा. ते पाणी विहिरीपासून दूर सांडा. पंप ठेवून देताना झाकण सैल ठेवा. हंगामाआधी झाकणाचा वायसर आणि ट्रिगरची रबरं बदला. मग पंप साध्या पाण्याने भरा, दाब द्या, कोरड्या फरशीवर आडवा करून 10 मिनिटं ठेवा. फरशी ओली झाली तर त्या दिवशी औषध कालवायचं नाही.