‘पहिल्या तारखांना काही होत नाही’ हा सल्ला का घातक आहे

जमिनीच्या, घराच्या किंवा वाटपाच्या दाव्यात समन्स निघाले की नातेवाइकांकडून एक संदेश मोबाइलवर येऊ लागतो. त्याचा आशय असा: समन्स घेऊच नका, म्हणजे दावा अडून राहतो, पहिल्या चार-सहा तारखा नुसत्याच पडतात, तेव्हा वकील साक्षीपुराव्याच्या वेळी दिला तरी पुरते, मात्र वादीला तात्पुरती मनाई (निकाल लागेपर्यंत समोरच्याला एखादी गोष्ट करण्यास न्यायालयाची बंदी) मिळाली, तर सगळे संपले. दिवाणी दावे वर्षानुवर्षे रेंगाळतात हे खरेच आहे, परंतु त्यावरून काढलेले हे तिन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि बाजू भक्कम असलेली माणसेही त्यांवर विसंबून नुकसान करून घेतात.

समन्स नाकारल्याने दावा अडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ नुसार बेलीफ, म्हणजे समन्स बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, अशा वेळी समन्सची प्रत घराच्या दारावर चिकटवतो आणि तसा अहवाल न्यायालयात देतो. प्रतिवादी बजावणी टाळतो आहे अशी खात्री झाल्यास वर्तमानपत्रातूनही समन्स प्रसिद्ध होते. त्यानंतर तो हजर राहिला नाही, तर दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फा, म्हणजे त्याची बाजू न ऐकता, चालवण्याचा आदेश होऊ शकतो. असा एकतर्फा हुकूमनामा (दाव्याचा अंतिम आदेश) रद्द करून मागता येतो, परंतु त्याची मुदत साधारणपणे ३० दिवसांची आहे, आणि तारखेची माहिती असून हजर राहायला पुरेसा वेळही होता असे दिसले, तर केवळ बजावणीतल्या अनियमिततेचे कारण न्यायालय ऐकत नाही. म्हणजे जाणूनबुजून समन्स परत पाठवणाऱ्याच्या हाती शेवटी फारसे काही उरत नाही.

दुसरा निष्कर्ष सर्वांत अधिक हानी करतो. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे प्रतिवादीचे लेखी उत्तर, द्यावयाची असते आणि न्यायालय कारणे नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. ही मर्यादा साध्या दाव्यात अगदी अटळ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कैलाश विरुद्ध नन्हकू या २००५ च्या निकालात म्हटले, परंतु सवलत अपवादानेच द्यावी असेही त्याच निकालात आहे; व्यापारी दाव्यात तर १२० दिवसांनंतर कैफियत देण्याचा हक्कच संपतो. शिवाय कैफियत वेळेत देणे एवढ्यानेही भागत नाही. वादपत्रातला (वादीच्या लेखी दाव्यातला) जो मजकूर स्पष्टपणे नाकारलेला नसेल तो कबूल केला असे धरले जाऊ शकते, त्यामुळे ‘सर्व मजकूर खोटा व नाकबूल आहे’ अशी एकच ओळ लिहून मोकळे होणे धोक्याचे असते. स्वतःकडची कागदपत्रेही कैफियतीसोबतच द्यावी लागतात, नंतर ती न्यायालयाच्या परवानगीशिवाय पुराव्यात घेतली जात नाहीत. दावा भलत्याच गावच्या न्यायालयात दाखल झाला आहे हा आक्षेपदेखील पहिल्या संधीला, वादमुद्दे (न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न) निघण्यापूर्वीच घ्यावा लागतो. साक्षीपुरावा होतो तो या वादमुद्द्यांवर, आणि वादमुद्दे निघतात ते वादपत्र व कैफियत यांतून. म्हणून साक्षीच्या वेळी नेमलेला वकील कितीही हुशार असला, तरी कैफियतीत न घेतलेला बचाव तो उलटतपासात उभा करू शकत नाही.

मनाईबद्दलची भीतीही निराधार आहे. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत ‘निशाणी ५’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मनाईच्या अर्जावर न्यायालय तीन गोष्टी पाहते: प्रथमदर्शनी प्रकरण आहे का, मनाई दिल्याने वा नाकारल्याने अधिक गैरसोय कोणाची होईल, आणि भरून न येणारे नुकसान होईल का. त्या हुकमातली निरीक्षणे अंतिम निकालावर बंधनकारक नसतात, आणि त्यावर अपीलही करता येते. मात्र हुकूम अमलात असताना तो मोडला, तर मालमत्ता जप्त होऊ शकते आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगवासही होऊ शकतो.

हा संदेश इतका पसरतो त्याचे एक कारण वकिलाच्या फीची धास्ती हे असावे. ती धास्ती खरी आहे. परंतु विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले यांना मोफत वकील मिळू शकतो, आणि त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. समन्स हातात पडले की त्याच आठवड्यात, वादपत्राची प्रत सोबत घेऊन, तिथे जावे.