वाड्याच्या सागवानाला उगाच बदनाम करू नका

पुण्यातल्या हॉटेलवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'पाडलेल्या वाड्यांचं लाकूड इंटिरियरला लावू नका. वाळवी लागते, पटकन पेटतं आणि भंगाराला नव्याचे पैसे मोजावे लागतात.' हे वाचून सदाशिव-कसब्यातल्या तुळया जळणाच्या भावाने जाणार असतील तर उत्तर द्यायलाच हवं. इतकं घट्ट रेषेचं सागवान आज पैसे टाकूनही सहज मिळत नाही.

आधी वाळवी. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, म्हणून वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. कीड धरते ती कडेच्या फिकट, कच्च्या भागाला. आणि भिंतीत पुरलेली टोकं ओलीने कुजतात. म्हणून तुळई घेताना टोकं बघा. स्क्रूड्रायव्हर खुपसून भुसभुशीत लागलं, तर तेवढं कापून टाका. बारीक भोकांतून पिठासारखा ताजा भुसा गळत असेल तर कीड जिवंत आहे, तो नग घेऊच नका. नुसती जुनी, कोरडी भोकं असली तर बहुधा कीड केव्हाच निघून गेलेली असते.

आगीचं म्हणाल, तर सगळं जाडीवर आहे. जाड तुळईचा वरचा थर कोळसा होतो आणि तोच आतल्या लाकडाला आचेपासून वाचवतो. सागासारखं कठीण लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटरच जळत आत जातं. पण तीच तुळई चिरून पातळ पट्ट्या भिंतभर ठोकल्या आणि मागून उघडी वायरिंग नेली, तर मेसेजमधली भीती खरी ठरेल. हा दोष करणाऱ्याचा.

पैसे जातात ते मजुरीत. आत राहिलेला एक खिळा आरागिरणीचं पातं खराब करतो, म्हणून खिळे उपटणं, रंधा मारणं, पॉलिश हे सगळं हाताने आलं. बदल्यात मिळतं पुरतं वाळलेलं, पावसाळ्यात फारसं न वाकणारं लाकूड.

खऱ्या धोक्यांवर मात्र मेसेज गप्प आहे. रेल्वे रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर बऱ्याचदा क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकवणारं विषारी डांबरी तेल, पाजलेले असतात. बंद एसी हॉलमध्ये ते अजिबात नकोत. पॅलेटवर, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांच्या चौकटीवर, 'एमबी' शिक्का असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी कीटकनाशक वायूची धुरी दिलेली असते. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं, तेच घ्या. जुन्या दारांच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. ती दारं हॉटेलात आणून कोरडी घासू नका. बाहेरच, ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावून रंग काढून घ्या.